देवीसाठी राखलेला शब्द

तोंड बंद असलं की मी चारचौघींसारखी दिसते. ओठ शाबूत, नाक सरळ, दात बरे. जे फाटलं होतं ते आत, टाळूला. जन्मल्यावर मी दूध ओढेना, ओढलं तर ते नाकातून बाहेर येई, तेव्हा मायच्या लक्षात आलं. मी चालायला लागले त्या सुमाराला यवतमाळला एका शिबिरात टाळू शिवला. शिवला खरा, पण आखूड राहिला. बोलताना टाळूनं मागं उठून नाकाची वाट बंद करायची असते. माझा टाळू तिथवर पोचतच नव्हता. मी बोलले की अर्धी हवा नाकातून निघून जायची. 'काका' म्हणायला गेले की घशात नुसता एक झटका बसायचा. 'भाजी' म्हटलं की समोरचा 'काय?' म्हणायचा. हे 'काय?' मी इतक्यांदा ऐकलंय, की आजही कोणी साधं काही विचारलं तरी आधी अंग आखडतं.

माय माझी दुभाषी होती. दुकानात, बँकेत, एसटीत कंडक्टरपुढं. मी शब्द काढला की ती लगेच तो साफ करून पुढच्याला द्यायची. मी म्हणायची 'पुसद', तर माय म्हणायची, "दोन पुसद द्या, अन् खिडकीजवळची जागा पाह्यजे तिले, मळमळते." मळमळत वगैरे काही नसायचं. लहान होते तोवर मला हे बरं वाटायचं. कॉलेजात जायला लागल्यावर कळलं, की गावात ज्याला माझं बोलणं म्हणतात ते सगळं मायचं बोलणं आहे. माझा राग, माझी भूक, माझी नापसंती, सगळं तिच्या आवाजात गावभर फिरत होतं.

आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. दिग्रसच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं, प्रथम श्रेणीत. हे मी मुद्दाम लिहिते. गावाला माझ्याबद्दल दोनच गोष्टी माहीत होत्या, आणि त्यातली ही एक मी कमावलेली होती. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी दोनदा 'काय?' म्हटल्यावर मी खडू उचलला आणि सगळी उत्तरं फळ्यावर लिहिली. सर म्हणाले, अक्षर छान आहे. मी मनात म्हटलं, उत्तरंही बरोबर आहेत.

डिग्री घेऊन मी एका जिनिंग कारखान्याच्या वजनकाट्यावर लागले. कापसाची गाडी काट्यावर चढते, आकडा येतो, पावती काढून खिडकीतून द्यायची. मालकांनी मला घेताना सांगितलं, "इथं बोलायचं काम नाही, बाई." चांगल्या मनानंच सांगितलं. शाळेत शिकवायचं माझ्या डोक्यात होतं, ते मी त्या खोलीत कोणाला सांगितलं नाही. काचेच्या खिडकीला खाली एक फट होती. त्या फटीतून माझा हात बाहेर जायचा, मी आत.

आणि स्थळं. फोटो पसंत पडायचा. मग पलीकडचं कोणीतरी फोनवर पोरीशी बोलायला मागायचं. फोन माय घ्यायची, आणि पुढं काही व्हायचं नाही.

नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात आता असल्या टाळूचं ऑपरेशन रोबोटनं करतात, हे मला कळलं आणि मीच घरात धरून बसले. खर्च सरकारी योजनेत बसला. गेलो आम्ही तिघं. डॉक्टर मॅडमनी नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहिला आणि पडद्यावर मलाही दाखवला. मी 'पापा' म्हणायची. पडद्यावर टाळू उठायचा, मागच्या भिंतीकडं जायचा आणि मध्येच थांबायचा. जन्मभर जिनं मला गप्प बसवलं ती एवढीशी फट होती, करंगळी जाईल न जाईल अशी.

मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. टाळू पुन्हा उघडून आतले स्नायू मागं नेऊन शिवायचे. घशाच्या मागच्या भिंतीवरून मांसाची एक पट्टी उचलून टाळूला जोडायची. दोन्ही बाजूंना श्वासापुरती वाट ठेवायची. जागा खोल आणि चिंचोळी, म्हणून रोबोट.

"म्हंजे मशीन करन?" बाबांनी विचारलं. "तुम्ही नाही?"

"मीच करणार. मी बाजूला बसून हात हलवते, तसे त्याचे हात आत हलतात. माझं मनगट तुमच्या मुलीच्या घशात वळणार नाही, त्याचं वळतं."

बाबांनी थोडा विचार केला. "ट्रॅक्टरवानी. चालवणारा पाह्यजेच."

"तसंच. मी हलवल्याशिवाय ते जराही हलत नाही."

"मंग ट्रॅक्टरपेक्षा बरं हाय," बाबा म्हणाले.

मॅडम हसल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "एक गोष्ट नीट ऐक. ऑपरेशन फक्त जागा करून देतं. बोलणं तुला शिकावं लागेल. पहिले काही दिवस कमी बोल, पातळ खा. नंतर आमच्या स्पीच थेरपीच्या ताई सांगतील तसा रोज सराव. बोलायचं टाळू नको."

मी मान हलवली. शेजारी माय बसली होती, तिनंही हे ऐकलं.

मला आत नेलं तेव्हा रोबोट टेबलापासून जरा लांब उभा होता. त्याच्या सगळ्या हातांवर पारदर्शक प्लॅस्टिक चढवलेलं. नवा सोफा आणला की लोक त्याचं प्लॅस्टिक काढत नाहीत, तसं दिसत होतं. कोपऱ्यात मॅडमची बसायची जागा, डोकं घालून पाहायचं एक खोकं. मला वाटलं होतं भीती वाटेल. वाटलं ते वेगळंच. हा माणूस नाही, याला मी काही बोलले तरी हा 'काय?' म्हणणार नाही. मग तोंडावर मास्क आला.

जाग आली तेव्हा नाक नव्हतं.

म्हणजे जागेवर होतं, पण त्यातून काही जात-येत नव्हतं. मी जन्मभर नाकानं बोलले, नाकानं हसले, पाणी प्यायले तरी ते नाकात जायचं. ती वाट बंद झाली होती. घशात ओलं फडकं कोंबल्यासारखं. आवंढा गिळायला गेले तर तो फडक्यापाशी अडकून परत आला. सिस्टर म्हणत होती, "तोंडानं श्वास घे. सूज आहे, उतरेल. घाबरू नको." मी पलंगाची कड पकडली. मला ओरडायचं होतं आणि ओरडायला हवाच पुरत नव्हती. उशा लावून मला अर्धवट बसवलं. पुढं बरेच दिवस मी तशीच झोपले. आडवं झालं की गळा मिटतोय असं वाटायचं.

मायनं माझ्या कपाळावर हात ठेवला. "बोलू नको," ती म्हणाली. "तुले आत नेलं ना, तवा मी माहूरच्या देवीले बोलली. पोरगी धडधाकट बाहेर येऊ दे, तिच्या नव्या गळ्यातला पह्यला शब्द तुह्यापुढंच निंगन. आन् तवरक मी पायात चप्पल घालणार नाही."

मी तिच्या पायांकडं पाहिलं. दवाखान्याच्या चकचकीत फरशीवर तिचे उघडे पाय होते, बोटांना अजून आदल्या कापूसवेचणीचे ओरखडे.

आमच्याकडं पोरांच्या नावानं नवस बोलताना पोरांना विचारत नाहीत. जावळाचा असो, तुलेचा असो, नवस बोलणारी आई आणि वागणारं पोर. मी भुलीतून उठायच्या आत तो बोलून झाला होता. मॅडमच्या 'कमी बोल'चं मायनं 'बोलू नको' करून टाकलं, आणि त्यावर देवी बसवली. आता ते हलवायचं कोणी?

निघायच्या आदल्या दिवशी थेरपीच्या ताई आल्या. नाकाखाली छोटा आरसा धरून 'प' म्हणायचं, आरसा धुरकटला तर हवा नाकातून गेली. पुढच्या आठवड्यापासून रोज थोडं थोडं. मी ऐकत होते, माय 'हो ताई, हो ताई' करत होती. गाडीत बसल्यावर म्हणाली, "माहूरहून आल्यावर."

घरी आलो तर अंगणात माणसं. रोबोटची बातमी आमच्या आधी पोचली होती. सगळे माझ्याकडं पाहत बाबांना विचारत होते.

"ते मशीन गळ्यातच ठेवते काय?"

"नाही बापा. काम झालं का काढून घेते."

"मंग आवाज कोणाचा राह्यते? पोरीचा का मशीनीचा?"

"मोबाइलवर ती बाई बोलते ना, 'आपण डायल केलेला नंबर', तसा येते म्हणे."

"चार्ज करा लागत असन."

बाबा आधी समजावत होते, नंतर त्यांनी नाद सोडला. "हो, रातच्याले लावतो चार्जिंगले," म्हणाले, तर एकानं खरंच मान डोलावली. सगळ्यांना माझा नवा आवाज ऐकायचा होता. माय दारात उभी राहून म्हणायची, "देवीपुढं जाऊ द्या, मंग या." बाया हात जोडून जायच्या.

माहूरला जायचं त्याच आठवड्यात ठरलं होतं. पण भावकीतले एक आजोबा वारले आणि सुतक पडलं. सुतकात देवळात जाता येत नाही. सुतक सरेस्तोवर वेचणी अंगावर आली, बाया मिळेनात, माय स्वतः रानात जायला लागली. अनवाणी. कपाशीच्या रानात वाळलेल्या बोंडांची टोकं पडलेली असतात, ती काट्यांपेक्षा वाईट. संध्याकाळी ती ओट्यावर बसून टाचेतून टोकं काढायची आणि मी समोर बसून मुगाचं पाणी प्यायची. चमच्यानं, निवलेलं, तिखटाशिवाय. मी मोबाइलवर मोठ्या अक्षरात लिहून तिच्यापुढं धरलं, चप्पल घाल. तिला वाचता येत नाही. तिनं मोबाइल बाजूला ठेवला आणि म्हणाली, "दमानं पी."

ताईंचा फोन यायचा. माय उचलायची. "करते ताई, करते. रोज करते." मी तिथंच बसलेली असायची.

आता कोणी विचारेल, एवढी शिकलेली होतीस तर बोलायचं होतंस. नवसाला मी भीत नव्हते. मी मायच्या टाचांना भीत होते. आणि खरं लिहायचं तर आणखी एक होतं. गप्प होते तोवर ऑपरेशन जमलेलं होतं. तोंड उघडून तोच जुना आवाज आला असता, तर मग पुढं काय? घरात कोणी नसतानाही मी कधी 'अ' म्हणून पाहिलं नाही. आरसा ताईंनी दिला त्याच पिशवीत होता.

सुतक सरल्यावर माझा मामा आला. सोबत ढाणकीचं स्थळ. मुलाचं स्वतःचं कृषी केंद्र, बियाणं-खताचं दुकान. घरी आई आणि मुलगा, दोघंच. फोटो पसंत होता, रविवारी पाहायला येणार होते. देवीला जायचं मंगळवारी ठरलं होतं.

"रविवारीच बरं," मामा म्हणाला. "पोरगी बोलत नाही त्याचं कारण आपल्याजवळ आयतं हाय. टॉन्सिलचं ऑपरेशन झालं, डॉक्टरनं मना केलं. टॉन्सिल काय, कोणाचंबी निंगते."

माय हळूच म्हणाली, "ऑपरेशन तं झालंच हाय. गळ्याचंच झालं."

"तेच म्हणतो मी. लग्नापरेंत बोलणं साफ होऊन जाईन. नाही झालं तं तवाचं तवा पाहू."

मी मोबाइलवर लिहिलं, हे खोटं आहे, मी बसणार नाही. मामापुढं धरलं. "चष्मा नाही माह्याजवळ," तो म्हणाला. चष्मा त्याच्या सदऱ्याच्या खिशात होता, दांडी बाहेर आलेली. मी बाबांपुढं धरलं. बाबांनी ओठ हलवत, एकेक अक्षर लावत वाचलं. मला मोबाइल परत दिला.

"बसाले काय जाते?" ते म्हणाले. "नुसतं पाहून जातीन."

त्या चार दिवसांत मला समजलं की हे किती चांगलं बसलंय. टाळू शिवलेला, घसा सुजलेला, त्यावर नवस, नवसावर मामाचं टॉन्सिल. प्रत्येकानं आपापल्या परीनं माझं भलंच केलं होतं आणि त्या सगळ्याच्या आत मी होते. यापूर्वी मला बोलता येत नव्हतं, पण बोलायची बंदी नव्हती.

रविवारी ते आले. मुलगा, त्याची आई आणि एक काका. मुलगा साधा होता, पायाच्या अंगठ्यानं सतरंजीची कड दुमडत बसला. आई बोलकी. मी साडी नेसून चहाचा ट्रे घेऊन गेले, पाटावर बसले.

"नाव काय म्हणते बाई?" काकांनी सवयीनं विचारलं.

"डॉक्टरनं बोलू नको म्हणलं," मामा लगेच म्हणाला. "टॉन्सिल."

"हो, सांगतलं होतं ना तुम्ही. इसरलो."

"माह्या बहिणीचंबी झालं होतं टॉन्सिल," मुलाची आई म्हणाली. "आठ-दहा दिवसांत पेरू खाऊन राह्यली होती." तिनं माझ्याकडं पाहिलं. "तू काहून नाही घेत पोहे? घे की, नरम हायत."

पोह्यांत शेंगदाणे होते. माझं पातळच चालू होतं. माय म्हणाली, "तिचा उपास हाय." रविवारचा कसला उपास ते कोणी विचारलं नाही. मुलाची आई तेवढी मायच्या पायांकडं पाहत होती.

कपबश्या कमी पडल्या म्हणून समोरच्या खाला त्यांच्या घरून घेऊन आल्या. खाला मला लहानपणापासून ओळखतात, माझं बोलणं मायखालोखाल त्यांनाच कळायचं. पाहुण्यांपुढं बशा मांडता मांडता त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि पाहुण्यांना कौतुकानं म्हणाल्या, "हमारी बेटी का गला रोबोट ने बनाया, मालूम? नागपूर में. पूरे गाव में किसी का नहीं बना."

मुलानं पहिल्यांदाच वर पाहिलं. "टॉन्सिलले रोबोट लागते?"

"आता सगळ्यालेच रोबोट झाले," मामा हसत म्हणाला. "मोठ्या दवाखान्यात तसंच करतेत." एकटाच हसला. खालांच्या लक्षात आलं की काहीतरी चुकलंय. त्या बशी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

मुलाची आई थोडं पुढं सरकली. तिच्या चेहऱ्यावर संशय होता, पण वाईटपणा नव्हता. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू बोलू नको, बाई. गळ्याले त्रास नको. नुसती मुंडी हालव. टॉन्सिलच होतं ना?"

खोलीत सगळे माझ्या मानेकडं पाहायला लागले. माय, बाबा, मामा. आतापर्यंतचं खोटं मामाचं होतं. मी खाली-वर मान केली असती तर ते माझं झालं असतं, आणि त्याच्यासोबत मला ढाणकीला जाऊन राहावं लागलं असतं. आडवी मान केली असती, तर मामा होताच. म्हणाला असता, तिले म्हणाचं हाय की टॉन्सिल नाही, टॉन्सिलच्या बाजूची गाठ. माझ्या मानेचा अर्थही दुसऱ्यानंच सांगायचा.

"नाही," मी म्हणाले.

आवाज माझा नव्हता. जुना नव्हता एवढं नक्की. सर्दीनं नाक बंद झालेल्या माणसासारखा, जड, बसका. इतके दिवस वापरात नसल्यानं मध्येच चिरकला. पण शब्द नाकातून गेला नाही. तोंडातून आला. मला तो माझ्या ओठांवर कळला.

"टॉन्सिल नाही. माझा टाळू जन्मापासून फाटलेला होता. तो शिवला. घशाची पट्टी काढून तिथं लावली. अजून नीट बोलता येत नाही. शिकायचं आहे."

'टाळू' मुलाच्या आईला पहिल्यांदा कळला नाही, म्हणून मी तोंड उघडून बोटानं दाखवला. सगळं बोलून झालं तेव्हा घसा सोलल्यासारखा पेटला होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. ते रडणं नव्हतं. पण तसं समजावूनही सांगण्याइतका दम उरला नव्हता.

माय उठली आणि आत गेली.

मुलाच्या आईनं गुडघ्यावरचा हात काढला नाही. मामाकडं पाहत म्हणाली, "हे आधी सांगाचं होतं, भाऊ. आम्ही एक समजून आलो, इथं एक निंगालं." मग माझ्याकडं वळली आणि जे विचारायचं ते सरळ विचारलं. मला ते आजही आवडतं. "लेकराले होते काय हे? तुह्या?"

"होऊ शकतं. जास्त शक्यता नाही, पण होऊ शकतं."

तिनं मान हलवली. मुलगा म्हणाला, "दुखते काय अजून?"

"गिळताना."

तो आणखी काही विचारेल असं वाटलं. त्यानं सतरंजीची कड सरळ केली. चहा सगळ्यांनी पूर्ण प्यायला. जाताना मुलाच्या आईनं मला कुंकू लावलं आणि 'कळवतो' म्हणाली. दोन दिवसांनी मामाकडून निरोप आला, नको म्हणाले. मामा स्वतः आला नाही, फोनवरच सांगितलं, वर म्हणाला, "शिकवलं ना तुम्ही पोरीले, आता भोगा."

त्या रविवारी पाहुणे गेल्यावर मी आत गेले. माय चुलीपाशी बसली होती, चूल पेटलेली नव्हती.

"पह्यला शब्द काय काढला? नाही," ती म्हणाली. "देवीसाठी राखला, आन् ढाणकीवाल्यायच्या पुढं सांडून टाकला."

"माय."

तिनं चमकून पाहिलं. हाक मी नेहमीच मारायची, पण ती अशी तिनं कधी ऐकली नव्हती. क्षणभर तिचा चेहरा सैल पडला, मग पुन्हा आवळला. "आता बोलू नको," ती म्हणाली. "आता कायले बोलते."

मंगळवारी आम्ही माहूरला गेलो नाही. नवस मोडला म्हणून मायनं चपला घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तिनं घातल्या नाहीत. तिनं देवीशी नवा हिशेब केला. ते शब्द कच्चे होते, ते धरायचे नाहीत. पोरगी साफ बोलायला लागेल, कोणी 'काय?' म्हणणार नाही, त्या दिवशी माहूर आणि त्या दिवशी चपला. म्हणजे आता मी जेवढी लवकर बोलायला शिकेन तेवढे तिचे पाय वाचणार. सकाळी मी खिडकीपाशी आरसा धरून 'पपपप' करायची, ती दाराआड उभी असायची. आरसा धुरकटला की माझं 'पपपप' थांबायचं, मला न पाहताही तिला कळायचं. तशीच रानात निघून जायची.

ताई फोनवर मायला म्हणाल्या, सूज उतरायला वेळ लागतो, घाईनं होत नाही. 'प' आणि 'ब' लवकर येतील, 'क' आणि 'ग' उशिरा, कारण घशातल्या झटक्याची जुनी सवय मोडायची आहे. किती उशिरा, ते सांगता येत नाही म्हणाल्या. मी पुन्हा काट्यावर जायला लागले. खिडकीतून पावतीबरोबर आकडा तोंडानं सांगायचा, असं मी स्वतःला लावून घेतलं. गाडीवाले 'काय?' म्हणायचे. मी पुन्हा सांगायची. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या.

बाबा मात्र बदलले. कोणाला दाखवून नाही. मामा यायचा बंद झाला, तेव्हा स्थळांचे फोन तेच करायला लागले. नमस्कार झाला, शेतीपाण्याची चौकशी झाली की लगेच म्हणायचे, "आधीच सांगतो. पोरीच्या टाळूचं ऑपरेशन झालं हाय. जन्मापासून होतं. बी.एस्सी. हाय." तिन्ही वाक्यं एका दमात, बाजारात माल दाखवताना आधी डाग दाखवावा तशी. पलीकडून 'बरं, कळवतो' यायचं. मला ते ऐकवत नसे. मी आतल्या खोलीत जायची, पण आमच्या घराच्या भिंती पातळ. आधी गावाला माहीत होतं, आता तालुक्याला झालं.

परवा मारेगावकडच्या एका माणसाचा फोन आला. बाबांनी तीन वाक्यं म्हटली. पलीकडून नेहमीसारखं 'कळवतो' आलं नाही, प्रश्न आला. टाळू म्हणजे नक्की काय, काय केलं, आता कसं आहे. बाबा अडखळले. पट्टी म्हणाले, रोबोट म्हणाले, ट्रॅक्टरपर्यंत गेले. मग उठून आतल्या खोलीत आले आणि मोबाइल माझ्यापुढं धरला.

"तूच सांग," ते म्हणाले. "मले नीट सांगता येत नाही."

फोनवर बोलणं मी कधीच केलं नव्हतं. समोर ओठ नसतात, बोटानं दाखवता येत नाही. माय रानातून आली होती, दारात टाच वर करून उभी होती. मी फोन घेतला आणि सांगायला लागले. मध्ये थांबून श्वास घेतला, पुन्हा सांगितलं.

"काय म्हणल्या?" पलीकडून आवाज आला. "परत सांगा जरा."

मायनं सवयीनं हात पुढं केला. मी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि परत सांगितलं.